सात नंबरच्या बेडवरचे डॉक्टर

फाइलवरचं नावही न बघता पडदा सर्रकन बाजूला सारत ती नेहमीच्या खणखणीत आवाजात म्हणाली, “चला काका, उठा! पुरे झालं लोळणं.”

चादरीतून डोकं वर आलं आणि ती एक पाऊल मागे सरली.

काका कसले! हे तर मेडिसिन वॉर्डचे डॉक्टर. गेले आठ महिने यांच्याशी तिचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. ती फिजिओथेरपिस्ट, फाइलवर ती ‘रोज चालवावे’ लिहायची आणि खाली यांचा शेरा – ‘सक्त विश्रांती’. स्वतःच्या पायांनी आलेली माणसं व्हीलचेअरवरून घरी जाताना पाहून तिचा जीव तुटायचा.

“तुम्ही… इथे?”

“अपेंडिक्स फुटलं. ऑपरेशनला चार दिवस झाले. आणि काका काय म्हणता? तुमच्यापेक्षा तीनच वर्षांनी मोठा आहे.”

“माझं वय तुम्हाला कसं ठाऊक?”

त्यांचे कान लालबुंद झाले.

तिने हसू दाबलं. “उठा. माझा खांदा धरा.”

“अहो, चालेन मी. चारच दिवस तर—”

उभे राहिले मात्र, गुडघे लटपटले. सगळा भार तिच्या खांद्यावर आला. चेहरा पांढराफटक.

“हे… माझे पाय आहेत?”

“पडून राहिल्याने झालंय हे. तुमचे पेशंट तर पंधरा-पंधरा दिवस पडून असतात.”

कधीपासून ऐकवायचं होतं तिला हे! पण त्यांचे भरलेले डोळे दिसले आणि जिंकल्याचा आनंद कुठच्या कुठे गेला.

पाऊल-पाऊल करत दोघं कॉरिडॉरमध्ये आली.

“शिकाऊ होतो तेव्हा,” ते एकदम म्हणाले, “एका आजींना खिडकीपर्यंत चालवत नेलं. त्यांना फाटकातून येणारा नातू बघायचा होता. पडल्या. खुबा मोडला… परत घरी गेल्याच नाहीत.”

या माणसाला तिने कॅन्टीनमध्ये सगळ्यांसमोर ‘दगड’ म्हटलं होतं!

“एकट्याने नेलं होतंत?”

“एकट्यानेच.”

“मग डॉक्टर, चूक त्यांना चालवण्यात नव्हती,” ती हळूच म्हणाली. “सोबतीला कुणी नव्हतं, एवढंच. आम्ही कशाला आहोत मग?”

त्यांनी सावकाश एक पाऊल पुढे टाकलं. “वॉर्डात परतलो की सगळ्या फाइली पुन्हा बघू. तुम्ही सांगाल त्याला चालवू. मीही सोबत येईन.”

“बघा हं, शब्द दिलात!”

“आणखी एक…” ते थांबले. श्वास लागला होता, की आणखी काही? “तुम्ही भांडायला आला नाहीत, तर दिवस ओका-ओका जातो. लग्न कराल माझ्याशी?”

तिचा हातच सुटला! आजवर कुठल्याही पेशंटचा सुटला नव्हता. ते डुलले… पण उभे राहिले. तिने घाबरून त्यांचे दोन्ही हात घट्ट पकडले.

“असं विचारतात का कुणाला? पडला असतात म्हणजे!”

“पडलो नाही. उत्तर?”

“लोक बघतायत…”

“बघू देत. नकार आहे का?”

“नकार द्यायचा असता,” ती मान खाली घालून पुटपुटली, “तर दोन्ही हात कशाला धरले असते?”