बाराची बाजू

टेपाचं शून्य घरमालकानंच धरायचं, हा शालिकराम मिस्त्रीचा शिरस्ता. दीक्षानं कपाळावर हात मारून घेतला. तिच्या बाबांच्या हृदयात स्टेंट टाकून जेमतेम दोन महिने झालेले, उन्हात बसू नका असं डॉक्टरनं बजावलेलं. पण धोंडबा ऐकतील तर शपथ! तीस वर्षं भाड्याच्या खोल्यांत काढलेला माणूस. कोराडीकडच्या आपल्या प्लॉटवर ते कोपऱ्यातल्या खुंटीपाशी उकिडवे बसले आणि टेपाचं टोक अंगठ्याखाली दाबून धरलं.

पोरगी इंजिनिअर झाली तरी आखणीची रीत जुनीच. एक बाजू बारा फूट, दुसरी सोळा, कर्ण वीस आला की कोपरा काटकोनात. चारही बाजू बरोबर होत्या. पहिला कर्ण चोख वीस. बाबांच्या खुंटीपासून मोजलेला दुसरा मात्र वीस फूट साडेसात इंच.

टेपात झोल असेल म्हणून तिनं ताणून पाहिला. आकडा तोच. टेप तर जमिनीला लागून सरळसोट दिसत होता.

मग तिनं उगाच एक गणित केलं. टेप मधोमध कशावरून तरी गेला असता, तर ते किती उंच असतं? अर्ध्या टेपाचा वर्ग, त्यातून दहाचा वर्ग वजा, वर्गमूळ. अडीच फूट, ती पुटपुटली.

"मांडी घालून बसलेला मानूस तेवढाच भरते," शालिकराम म्हणाला. तो थट्टा करत नव्हता.

पुन्हा मोजलं. बावीस फूट सव्वाचार इंच. म्हणजे पाच फूट. बसलेलं आता उभं राहिलं होतं. वीजकेंद्राच्या राखेनं पांढुरक्या पडलेल्या मातीत मात्र एक पाऊलही उमटलं नव्हतं.  आज राहू द्या, म्हणून दीक्षानं बाबांना विनवलं. इंजिनिअर होऊन भितेस काय, म्हणून ते उलट तिलाच हसले.

तिसऱ्यांदा वीस आलं. चोख वीस. तिला हायसं वाटलं, आणि लगेच वाटलं, गेलं ते कुठं?

बाजूही पुन्हा पाहून घेऊ, असं शालिकराम म्हणाला. दोघं बाराच्या खुंटीपाशी आले. तिनं टेप ताणला.

तेरा.

इथं हिशेब करायची गरजच नव्हती. पाच, बारा, तेरा हे तिला शाळेपासून पाठ. टेपाचं शून्य बाबांच्या खुंटीच्या वर पाच फुटांवर होतं. आणि बाबा तर खाली बसलेले.

"बाबा, टेप सोडा. इकडं या."

"उठून राहिलो ना वं," धोंडबा म्हणाले. "पन खांद्यावरचा हात काढ म्हन त्याले."

शालिकराम तिच्या शेजारीच उभा होता.

टेप तिच्या हातातल्या डबीत आपोआप शिरू लागला. साडेबारा. सव्वाबारा. तिकडं कोणीतरी हळूहळू खाली वाकत होतं.

तिनं डबीच्या तोंडावर अंगठा दाबून टेप रोखून पाहिला. तो थांबेना. 

बारा.

कोपरा काटकोनात आला होता. बाबांची हनुवटी छातीला टेकली होती, आणि अंगठा अजून टेपावर तसाच होता.