पाऊण तासाचं अंतर

त्या दोन लहान विमानतळांमधलं अंतर जेमतेम पाऊण तासाचं. पाणी वाटून रिकामे ग्लास गोळा करेपर्यंत विमान उतरायलाच लागायचं. त्या विमानातल्या एअर होस्टेसला सगळे चिमणी म्हणत, कारण तिची टकळी एकदा सुरू झाली की थांबायची नाही.

त्या दुपारी शेवटच्या रांगेत एक आजी एकट्याच बसल्या होत्या. लेकीकडे निघालेल्या, पहिलाच विमानप्रवास, कपाळाला बाम चोळलेला. बोलावण्याचं डोक्यावरचं बटण सारखं दाबायच्या, की वरचा दिवा लागायचा.

"बाळा, किती राहिलं गं?"

पुन्हा पुन्हा तेच. शेवटी चिमणी वैतागली. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आजी, पाऊण तासाचा तर प्रवास! एवढ्यात काही कोणी मरत नाही!"

पुढच्या रांगांत हशा पिकला. आजी ओशाळून हसल्या आणि हात मांडीवर घेऊन गप्प बसल्या. त्यानंतर त्यांनी बटण दाबलंच नाही.

विमान उतरलं, सगळे गेले. आजी तशाच बसलेल्या. चिमणीने खांद्याला हात लावला, तशी मान एका बाजूला कलंडली.

बाहेर लेक उभी होती. हुंदके देत तिने विचारलं, "शेवटी काही म्हणाली का हो आई?"

"नाही... शांत झोपल्या होत्या."

लेकीने तिचे दोन्ही हात धरून आभार मानले. धरणी पोटात घेईल तर बरं, असं चिमणीला झालं.

दुसऱ्या दिवशी तेच विमान, तीच वाट. शेवटची रांग रिकामी. विमान वर चढलं आणि तिथला दिवा लागला. बिघडला असेल, म्हणून ती विझवायला गेली. आधारासाठी सीटवर हात टेकला. सीट ऊबदार होती. आसपास बाम चोळल्यासारखा उग्र वास. आणि अगदी कानाशी...

"बाळा... किती राहिलं गं?"

"पा... पाऊण तास."

दिवा विझला. थोड्या वेळाने पुन्हा लागला. पुन्हा तोच प्रश्न. दर वेळी तिची नजर खिडकीबाहेर जायची, आणि दर वेळी खाली नदीचं तेच वळण, तोच पूल. इंजिनांची घरघर चालूच. प्रवासी पेंगत होते. उतरण्याची सूचना काही येईना.

शेवटी ती त्या सीटशेजारी बसली.

"मला माहीत नाही, आजी... काल मी तुम्हाला सगळ्यांसमोर बोलले. तुमच्या लेकीशीही खोटं बोलले. तुम्हाला काय होतंय... ते विचारलंसुद्धा नाही."

शेजारची सीट हळूहळू गार पडत गेली. मग खाली चाकं उघडल्याचा हादरा बसला.

विमान अगदी वेळेवर उतरलं. प्रवासी बॅगा उचलून चालू लागले. वैमानिक मात्र जागचा उठेना. तो इंधनाच्या काट्याकडे बघत होता.

"टाकी भरून निघालो होतो. आता तळ गाठलाय... तुला काही वेगळं जाणवलं का गं?"

चिमणीने मान खाली घातली. "नाही," ती म्हणाली.

मेकॅनिकने पंखाखाली सगळीकडे हात फिरवला आणि कोरडा पंजा वर करून दाखवला.

"गळती कुठेच नाही, साहेब. एवढं इंधन जळेपर्यंत तुम्ही होतात तरी कुठे?"