बेन्यातमामाच्या खिशातला डॉलर

ही गोष्ट खरी आहे. जुनी नाणी विकणाऱ्याने असं म्हटलं की शहाणी माणसं आधी भिंग काढतात, हे मला माहीत आहे. काढा.

मागच्या मार्चमधली गोष्ट. नेवाडातलं एल्को गाव. रात्र नव्हती, दुपारचे चार वाजले होते. आमच्याकडे रात्री भुतांना जागा नसते, जुगाराचे अड्डे गच्च भरलेले असतात.

त्याआधीच्या शनिवारी आम्ही बेन्यातमामाला पुरलं होतं.

मामाच्या उजव्या खिशात चाळीस वर्षं एकच चांदीचा डॉलर होता. बसला की अंगठा त्याच्यावर. सुर्र... सुर्र... नाण्यावरच्या बाईचं नाक, डोळे, केस, सगळं त्याने पुसून टाकलं होतं. ग्राशीमामी जेवताना ओरडायची, "बेन्यात, पुरे!"

त्याची शेवटची इच्छा एवढीच, की पुरताना हा डॉलर माझ्या खिशात ठेवा. मामीने ते काम मला दिलं. घरातला नाण्यांचा जाणकार मीच.

तिथेच चुकलं. जाणकाराच्या हातात नाणं दिलं की तो ते उलटून बघतो.

मागे गरुडाच्या खाली दोन बारीक 'सी'. कार्सन सिटीची टांकसाळ. पुढे कडेला जेमतेम वाचता येणारं साल, १८८९. इतकं झिजलेलं असलं तरी हे नाणं मिळावं म्हणून लोक मला वर्षानुवर्षं फोन करतात.

मी मामाच्या खिशात १९२१ चा एक साधा डॉलर सरकवला.

"ठेवलंस ना रे, रेमी?" मामीने विचारलं.

"ठेवलं, मामी."

मंगळवारी चार वाजता मी दुकानात एकटाच होतो. आणि...

सुर्र... सुर्र...

आवाज काचेच्या कपाटातून येत होता. आत काहीच हलत नव्हतं.

बुधवारी कपाटातला एक कोरा करकरीत डॉलर भिंगाखाली धरला. बंद डबीतला. सील शाबूत. पण बाईला...

नाक नव्हतं.

गुरुवारी दुसऱ्या डबीतल्या बाईला डोळेही नव्हते.

कोऱ्या नाण्याच्या तोंडाला बोट लावायचं नाही, कडेनेच धरायचं, असं मी दर गिऱ्हाइकाला ओरडून सांगतो. इथे ओरडायचं तरी कुणाकडे बघून?

शुक्रवारी मामी मटणाचा डबा घेऊन आली. "वाळलास रे," म्हणाली. डब्याचं झाकण घट्ट बसलं होतं, ती त्याच्याशी झटत होती. तेवढ्यात...

सुर्र... सुर्र...

"बेन्यात, पुरे!" मान वर न करताच मामी म्हणाली.

आवाज थांबला.

मामीने डबा खाली ठेवला.

"त्याच्या खिशात कुठलं ठेवलंस?"

"मामी, ऐक तर..."

"साल सांग."

"एकोणीसशे एकवीस."

"गाढवा! चाळीस वर्षांचं काम होतं त्याचं ते. आता पहिल्यापासून घासत बसलाय बिचारा!"

मी तिजोरीतून मामाचा डॉलर काढला. देता देता, धंद्याच्या सवयीने म्हणा, शेवटचा एकदा त्यावरून अंगठा फिरवला.

नाणं कोमट होतं.

तसेच दफनभूमीत गेलो. मामीने डब्यातल्या चमच्याने मामाच्या कबरीच्या उशाशी खड्डा केला आणि डॉलर आत ठेवला. माती दाबताना म्हणाली, "घे. आणि पोराला छळू नकोस."

दुकान आता शांत आहे. नवी नाणी झिजत नाहीत. ते दोन बिनचेहऱ्याचे डॉलर कपाटातच आहेत. कुणी विचारलं तर म्हणतो, घरचे आहेत, विकायचे नाहीत.

फक्त...

शनिवारी सकाळी फोन उघडायला अंगठा टेकवला. फोनने ओळखलं नाही. शर्टाला पुसून पुन्हा टेकवला. नाही. मग भिंग काढलं.

अंगठ्यावर एकही रेषा नव्हती. गुळगुळीत.

तेव्हापासून डाव्या अंगठ्याने फोन उघडतो.

काल सकाळपर्यंत उघडत होता.