तू समोर बसली होतीस म्हणून

“आधी तो टाय काढा,” कोलेट म्हणाली.

शेजारच्या खुर्चीतल्या अनोळखी माणसानं वळून पाहिलं. कडक इस्त्रीचा शर्ट, गुळगुळीत दाढी आणि डोळ्यांत, अगंबाई, चक्क मिश्कीलपणा. “पहिल्याच भेटीत कपडे उतरवायला लावता?”

कोलेट लाजणाऱ्यांतली नव्हती. एल्क हार्बर गावात बावीस वर्षं ती शाळेची बस चालवत होती. नवरा गॉर्डन गेल्यावर राहिलेला एक कागद द्यायला आज ती या अपंगत्व भत्त्याच्या कार्यालयात आली होती. गॉर्डनला चौपन्नाव्या वर्षी स्मृतिभ्रंश झाला, तेव्हा मुलाखतीसाठी तिनंच त्याला नटवून पाठवलं होतं. तो दहा मिनिटं इतका गोड बोलला, की साहेबांनी ‘हा तर ठणठणीत’ म्हणून अर्ज फेटाळला. हे सगळं तिनं या माणसाला सांगितलं. पण रेइनो साल्मेला, वय एक्कावन्न, जहाजांसाठी बंदरावरचा पूल वर-खाली करणारा, आजार तोच, टाय सरळ करून ऐटीत आत गेला. अर्ज अर्थातच फेटाळला गेला.

“बोलले होते ना मी?”

“हो. आता कॉफी प्यायला चला आणि पुन्हा बोला.”

कॉफीवरून सरोवराकाठचं फिरणं सुरू झालं. तो जहाजांच्या गोष्टी सांगायचा. तीच गोष्ट पुन्हा आली की कोलेट त्याला शेवट बदलायला लावायची. बोटांत बोटं गुंतायची… आणि त्याच्या घरी परतल्यावर शेगडी चालूच राहिलेली दिसायची. मदतीसाठी अशा रुग्णांना दिवसभर सांभाळणाऱ्या केंद्रात विचारलं, तर साठी झाली की या म्हणाले.

अपिलाच्या सुनावणीला कोलेट साक्षीदार म्हणून बसली. सुनावणी घेणाऱ्या बाईंनी विचारलं, स्वयंपाक जमतो का? रेइनो असा खुलला! माशाचा रस्सा, त्यातला बटाटा, वरून शेपू… ऐकतच राहावं. गॉर्डनच्या वेळी त्याचा मान राखायला ती अशीच गप्प बसली होती.

“खोटं बोलतोय तो,” ती उभी राहून म्हणाली. मग महिन्याभरात तीनदा चालू राहिलेली शेगडी, स्वतःच्या दारात उभं राहून शेजाऱ्याला विचारलेला पत्ता, सगळं तिनं तारखांसकट सांगितलं. रेइनोचा चेहरा पांढराफटक पडला.

“चारचौघांत नागडं केलंस मला,” खोलीबाहेर आल्यावर तो म्हणाला.

“केलं. पुन्हा करीन.” ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. “इभ्रत सांभाळत एक नवरा मदतीवाचून घालवलाय मी. आता गप्प बसणार नाही.”

तो खिडकीबाहेरच्या वितळत्या बर्फाकडे वळला. “त्या बाईंसाठी नव्हतं ते नाटक… तू समोर बसली होतीस ना. तुझ्यापुढे मला… धड दिसायचं होतं.”

कोलेटला रडूही आलं आणि रागही. “मूर्खा, मला तू धड नसलास तरी आवडतोस.”

मे महिन्यात पत्र आलं. अर्ज मंजूर, भत्ता लगेच. पण औषधपाण्याचा सरकारी विमा दोन वर्षांनी. दोन वर्षं! कोलेटनं ते पत्र टेबलावर आपटलं. आजारानं तेवढं थांबायचं कबूल केलंय का कुणाजवळ? दुसऱ्या दिवशी ती लग्नाचा अर्ज भरूनच घेऊन आली.

“माझ्या नोकरीच्या विम्यात नवऱ्याला जागा आहे.”

“दयेपोटी लग्न नको मला, कोलेट.”

“दयेपोटी मी मांजर पाळते. नवरा मी हौसेनं करतेय.”

“आणि एक दिवस मी तुला ओळखलंच नाही तर?”

“तेव्हाचं तेव्हा बघू. आत्ता ओळखतोस ना? मग सही आत्ता कर.”

तिनं पेन पुढे केलं. रेइनोनं आधी तिचा हात धरला, मग पेन घेतलं.