मोर्वा फार्मवरची मोरी

आतल्या खोलीतून घोरण्याचा आवाज येतोय ना, तो आमच्या एम्रिसचा. तुम्हाला त्रास होत असेल तर दार ओढून घेते. मला मात्र तो आवाज गोड लागतो. त्या वर्षी डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, ह्या छातीला साथीनं गाठलं तर काही खरं नाही. आयुष्यभर पाटीच्या दगडाच्या खाणीत राबलेला माणूस, फुप्फुसात आधीच धूळ साचलेली. मार्चमध्ये टाळेबंदी लागल्यापासून त्यानं उंबरा ओलांडला नव्हता. खिडकीत बसून समोरच्या थांब्यावर न येणाऱ्या बसची वाट बघायचा.

जुलै सरता सरता कॅरव्हॅनची, म्हणजे गाडीमागं ओढायच्या चाकांवरच्या घरांची, मैदानं उघडली, मग तिथली सामायिक न्हाणीघरंही उघडली. एम्रिसनं त्याच दिवशी आमच्या जुन्या कॅरव्हॅनच्या चाकांत हवा भरली. फोनवर आमची लेक रडकुंडीला आली.

"आई, सगळ्यांचे नळ, सगळ्यांची दारं... आणि बाबांना तिथं घेऊन चाललीस?"

"मी कोण त्याला न्यायला?" मी म्हणाले. "तोच मला ओढत नेतोय."

पण खरं सांगू, मलाही जायचंच होतं.

मोर्वा फार्म समुद्राला अगदी लागून आहे. मालकीण लाउरी, चाळिशीची, कमी बोलणारी, रोखठोक बाई. आमच्या कॅरव्हॅनमध्ये निजायची, रांधायची आणि डब्याच्या संडासाची सोय तेवढी आहे, अंघोळीला आणि भांड्यांना बाहेरच जावं लागतं. लाउरीनं दुरूनच नियम सांगितले. प्रत्येक घराला एक न्हाणीघर, दाराच्या रंगावरून ओळखायचं. आमचं हिरवं, शेजारच्यांचं निळं. भांड्यांच्या मोरीवर एका वेळी एकाच घरानं जायचं. नळ आधी पुसायचा, नंतरही पुसायचा.

"आणि टॉयलेटचा डबा?" एम्रिसनं विचारलं.

"तुम्हीच रिकामा करायचा, कोपऱ्यातल्या खड्ड्यात. हातमोजे घालून."

"बघ," तो मला म्हणाला, "पाच महिन्यांनी पहिल्यांदा कुणीतरी मला काम दिलं."

रोज सकाळी तो डबा हातात धरून लग्नाच्या वरातीत चालल्यासारखा निघायचा. मी दारातून बघत राहायचे. गवतावर दव असायचं, खालून लाटांचा आवाज यायचा. इतकं सुख कशात असतं ते मला त्या वर्षी कळलं.

शेजारच्या कॅरव्हॅनमध्ये जेमा आणि क्रेग हे जोडपं होतं, इंग्लंडातून आलेलं. त्यांची आयव्ही दीडेक वर्षांची. ती खिडकीतल्या बाकावर उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला हात हलवायची. अजून एक शब्द बोलत नव्हती, नुसती हसायची.

ती मोरी म्हणजे न्हाणीघरांच्या मागची दगडी पडवी, वर पत्रा, भिंतीला लागून ओळीनं नळ आणि खाली बेसिनं. पहिल्या संध्याकाळी मी भांडी घेऊन गेले तर पलीकडच्या टोकाला एक बाई पाठमोरी उभी होती. डोक्याला रुमाल, बाह्या कोपराच्या वर सारलेल्या. मी बाहेरच थांबले.

"या," ती मागं न बघता म्हणाली. "मी लांब आहे."

तिचं बोलणं आमच्याच भागातलं, पण माझी आजी बोलायची तसं जुन्या वळणाचं. तिच्यापुढं एकच ताटली होती. ती ताटली घासायची, विसळायची, उजेडात धरायची आणि पुन्हा घासायला घ्यायची. सगळ्या पडवीत लाल साबणाचा उग्र वास भरला होता. लहानपणी शाळेत असायचा तो. आता कुठं मिळतो कोण जाणे.

"घरी कोण आहे?" तिनं विचारलं.

"नवरा. छातीचं दुखणं आहे त्याला."

तिचे हात थांबले. "त्यांना इथं पाठवू नका. तुम्हीच येत जा. आणि दार हातानं ढकलायचं नाही, कोपरानं."

"तुम्ही नर्स होतात का हो?"

"आजाऱ्यांची भांडी घासायची मी," ती म्हणाली. तिचे हात पुन्हा चालू झाले.

मग ती रोजच भेटायची. मी बटाट्यांचं बोलायचे, लेकीचं बोलायचे, ती ऐकायची. कधी विचारायची, "आज खोकले का ते?" मी नाही म्हणाले की तिचे खांदे जरासे सैल व्हायचे. पाच महिन्यांत घरच्यांशिवाय मी कुणाशी बोलले नव्हते. नुसत्या पाठीशी बोलण्यातही जिवाला बरं वाटायचं. तोंड बघायची घाई मला झाली नाही. त्या दिवसांत कुणाचं तोंड कुठं दिसायचं?

मग ती धुक्याची सकाळ आली. समुद्राकडून धुकं असं दाटून आलं होतं की आमचीच गाडी मला दिसेना. एम्रिसला अंघोळ करायची होती. मी म्हटलं, आधी मी जाते, सगळं पुसून ठेवते, मग तू ये. टॉवेल खांद्यावर टाकून चाचपडत हिरव्या दाराशी गेले आणि कोपरानं ढकललं.

दार हललं नाही. आतून कडी सरकल्याचा आवाज आला, गंजलेल्या लोखंडाचा.

"आत कोण आहे?" मी विचारलं. "हे आमचं आहे."

"आत्ता नको..."

आवाज तिचाच होता. पण दाराला अगदी तोंड लावून बोलल्यासारखा.

"अहो, तुम्ही आत कशा? एम्रिस खोळंबलाय."

"त्यांना आणू नका... आज इथं कुणीच यायचं नाही... जा तुम्ही."

दाराच्या फटीतून लाल साबणाचा वास आला. आत पाणी वाहत होतं, जमिनीवर खराटा घासल्याचा खसखस आवाज चालला होता. मला राग आला, पण का कोण जाणे, दार दुसऱ्यांदा ढकललं नाही. मी मागं फिरले.

एम्रिस टॉवेल घेऊन पायरीवरच उभा होता. मी त्याला तसंच आत ढकललं.

"अगं, झालं काय?"

"आज घमेल्यात अंघोळ कर."

"म्हणजे मी बाळच झालो म्हणायचं," तो पुटपुटला. पण माझा चेहरा बघून त्यानं घमेलं काढलं.

दुपारपर्यंत धुकं उठलं आणि फाटकातून रुग्णवाहिका आत आली. क्रेगला नेलं. रात्रीपासून तो तापानं फणफणला होता. लाउरीनं न्हाणीघरांना आणि मोरीला दोर बांधला आणि आमच्या दारापासून लांब उभी राहिली. तिचा चेहरा उतरला होता.

"तुमच्यापैकी कुणी आज हिरव्या दारात गेलं होतं का?"

"नाही. का?"

"क्रेग पहाटे तिथं गेला होता. तापात त्याला रंगाचं भान राहिलं नाही. बराच वेळ आत खोकत बसला होता, जेमानं सांगितलं. नंतर लगेच एम्रिस गेले असते तर..."

मी पायरीवर बसले. "त्या बाईंचे उपकार झाले," मी म्हणाले. "त्या आतून कडी लावून बसल्या होत्या. मला आत येऊच दिलं नाही. सगळं घासत होत्या."

"कोणत्या बाई?"

"रुमालवाल्या. मोरीवर असतात त्या."

लाउरी माझ्याकडं बघत राहिली. मग सावकाश म्हणाली, "ग्लेनिस, त्या दारांना आतून कड्या नाहीत. लोकांचे हात लागायला नकोत म्हणून सगळ्या मीच काढून टाकल्या."

मी दोरापलीकडच्या हिरव्या दाराकडं बघितलं.

"ती दिसते कधी कधी," लाउरी म्हणाली, आपल्या एखाद्या लांबच्या चुलतीबद्दल बोलावं तशी. "मार्गेड तिचं नाव. माझे सासरे सांगायचे. फार पूर्वी घटसर्पाची साथ आली, तेव्हा गावातली आजारी पोरं इथं, आता न्हाणीघरं आहेत त्या जुन्या कोठारात आणून ठेवली होती. त्यांची भांडी ती घासायची. घरी तिची स्वतःची लहान पोर होती. घरी जाण्याआधी मार्गेड कोपरापर्यंत हात धुवायची, पुन्हा पुन्हा धुवायची. तरीही ते दुखणं तिच्या घरी गेलंच. पोर गेली. मग ती इथून घरी परतलीच नाही." जराशानं ती म्हणाली, "कुणाला तिचा त्रास नाही. तुम्हाला भीती वाटत असेल तर गाडी जोडून देते."

एम्रिस दारात उभा राहून ऐकत होता. "भीती?" तो म्हणाला. "त्या बाईला माझा नमस्कार सांग."

आम्ही दुसऱ्या दिवशी निघायचं ठरवलं. पण आभार न मानता जाणं मला बरं वाटेना. ऊन अजून पत्र्यावर होतं तेव्हा मी दोराखालून वाकून पडवीत शिरले. भांडी नव्हती हातात.

ती होती. नळ वाहत होता.

"मार्गेड," मी हाक मारली. "माझा माणूस वाचला. तुमच्यामुळं."

नळ बंद झाला. मी तिथं होते त्या सगळ्या दिवसांत तिनं स्वतःहून तो कधी बंद केला नव्हता. सगळी पडवी एकाएकी शांत झाली.

"ते बरे आहेत...?"

"ठणठणीत."

तिनं दोन्ही हात पाठीमागं माझ्याकडं केले, पाठ तशीच ठेवून. शाळेत बाईंना दाखवतात तसे. "बघा बरं... स्वच्छ झाले का?"

मी पुढं होऊन नीट बघितलं. लालभडक, सोललेले, सुरकुतलेले हात. नखांत कणभर मळ नव्हता.

"स्वच्छ आहेत," मी म्हणाले. "अगदी स्वच्छ आहेत, बाई."

"मग आता... पोरीला घ्यायला हरकत नाही."

ती माझ्या बाजूनं निघून गेली. वाऱ्याची गार झुळूक आणि साबणाचा वास, एवढंच मला जाणवलं. वळून बघितलं तर गवतावर कुणी नव्हतं.

त्या रात्री मी इतकी गाढ झोपले की एम्रिसला मला हलवून उठवावं लागलं.

सकाळी गाडी जोडून झाल्यावर मी जेमाचा निरोप घ्यायला गेले. तिला न्यायला भाऊ येईपर्यंत ती आणि आयव्ही आतच कोंडलेल्या. मी खिडकीपासून लांब उभी राहिले. जेमानं काच थोडी उघडली. तिचा चेहरा ताजा दिसत होता.

"क्रेगचा ताप उतरतोय," ती म्हणाली. "आणि आयव्ही काल रडलीच नाही. एरवी ती मला सारखी उठवते. काल मी मेल्यासारखी झोपले, आणि ही आपली कोपऱ्यात बघून खुदुखुदु हसतेय. एक शब्दही शिकलीय. 'नोस दा.' तुमच्या भाषेतला आहे ना? तुम्ही शिकवलात?"

"नाही गं," मी म्हणाले. "त्याचा अर्थ, सुखानं झोप."

"कुणीतरी शिकवला असेल. किती गोड म्हणते, ऐका." जेमा हसली आणि चहाचं आधण बघायला शेगडीकडं वळली.

आयव्ही बाकावर उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. आतल्या रिकाम्या कोपऱ्याकडं बघून ती खळखळून हसली आणि दोन्ही हात वर केले, मला घे म्हणून.

जेमाची पाठ आमच्याकडं होती, तिचे दोन्ही हात किटलीवर होते.

आणि आयव्हीच्या टाचा बाकावरून अलगद सुटल्या. मग पायांची बोटंही.