समजलं नाही, पुन्हा सांगा

विज्ञानाच्या बाईंचा एक नियम होता आणि तो शाळेच्या भिंतींनाही पाठ झाला होता. फळ्यावर एकसुद्धा लाल ठिपका असेल, तर धडा पुढे सरकणार नाही.

फळा म्हणजे मोठा पडदाच, पण सगळे त्याला फळाच म्हणत. प्रत्येक मुलाच्या हातात एक छोटा रिमोट. हिरवं बटण म्हणजे समजलं, लाल म्हणजे समजलं नाही. बटण दाबलं की फळ्यावर ठिपका उमटे, मात्र कुणाचा कुठला ते कुणालाच कळत नसे. भर वर्गात हात वर करून 'मला नाही कळलं' म्हणायला वाघाचं काळीज लागतं, बटण दाबायला एक बोट पुरतं. म्हणून तर बाईंनी हे रिमोट एका कंपनीकडून काही महिन्यांच्या बोलीवर, हट्टाने मागवून घेतले होते.

आणि बाई म्हणजे तरी कसल्या बाई, अजून तिशीही गाठलेली नाही. तेव्हा आपण तिला अगं-तुगंच करू.

तर त्या दिवशी ती तरफ शिकवत होती. तोंडाने समजावून झालं, एक ठिपका लाल. चित्रफीत दाखवली, तरी लाल. मग तिने पट्टीखाली खडू ठेवला, पट्टीचं एक टोक दाबलं आणि दुसऱ्या टोकावरचं डस्टर उचलून दाखवलं. ठिपका ढिम्म. मुलं कुरकुरायला लागली आणि एकेक करत मागे वळून बघायला लागली. तिनेही पाहिलं. शेवटच्या बाकावर, गुडघे पार छातीशी घेऊन, एक दाढीवाला तरुण बसला होता. हातात जादाच्या डब्यातला रिमोट.

"आपण कोण?" तिने विचारलं.

"हस्तकलेचा नवीन शिक्षक. कार्यशाळेची किल्ली घेऊन शिपाईकाका कुठे गडप झालेत, म्हटलं तोवर इथे टेकावं."

"आणि तुम्हाला तरफ समजली नाही?"

"समजली की. पहिल्यांदाच समजली. पण तुम्ही दुसऱ्यांदा कशी सांगता ते बघायचं होतं... मग तिसऱ्यांदा."

वर्ग खदखदून हसला. ती हसली नाही. माझा तास खाल्लात, असं तिने त्याला चांगलं सुनावलं. पण खरं सांगायचं तर तिला पुरता राग आलाच नाही, आणि याचाच तिला जास्त राग आला.

संध्याकाळी डबा बंद करताना एक खाच रिकामी दिसली. रिमोट कुणाच्या खिशात गेला हे कळायला ज्योतिषी नको होता. मागायला हवा होता. तिने मागितला नाही.

मुलांनी त्याचं नाव सुतारसर ठेवलं. शिक्षकांच्या खोलीत ती काहीही सांगू लागली, अगदी आज जिन्यावर पाणी कसं साचलंय हे जरी, की समोरून खिशातला रिमोट निघायचा आणि लाल बटणावर अंगठा टेकायचा. तोंडातून चकार शब्द नाही. मग ती पुन्हा सांगायची, ओठांच्या कोपऱ्यात आलेलं हसू कसंबसं गिळत. त्याच्या भुवईवर नेहमी थोडा भुसा असे. तो झटकावा असं तिच्या बोटांना वाटे आणि ती बोटं मुकाट वह्या तपासत बसत.

"आज जेवताना चौथ्यांदा सुतारसर आले," तिची ताई एकदा म्हणाली. "त्यांचंही ताट वाढू का?"

"कामाचं बोलतेय मी, ताई."

"मी कुठे काय म्हटलं?" ताई म्हणाली आणि पुढच्या पोळीला तूप लावू लागली.

काम होतंच. रिमोटांबरोबर आलेल्या कंपनीच्या यंत्रात मुलांचे तीन रकाने पडले होते: बघून शिकणारी, ऐकून शिकणारी, करून शिकणारी. करून शिकणाऱ्यांसाठी तो लाकडाच्या फळ्या आणि टेकू तासून द्यायचा. ताज्या लाकडाचा वास तिच्या वर्गात दिवसभर रेंगाळे. सगळं कसं झकास चाललं होतं. मग तो चिमणीबद्दल बोलला.

चिमणी म्हणजे पहिल्या बाकावरची एवढीशी मुलगी. सगळ्या वर्षात तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. यंत्राने तिला ऐकून शिकणाऱ्यांत टाकलं होतं. त्यामुळे ती कानाला हेडफोन लावून बसे आणि दर वेळी हिरवं बटण दाबे.

"ती ऐकत नाही," तो म्हणाला. "खिडकीबाहेर बघते आणि हिरवं दाबते. माझ्या तासाला तिच्या हातात कानस दिली तर मान वर करत नाही. पोर म्हणजे काय लोणच्याची बरणी आहे का, एकदा चिठ्ठी चिकटवली की झालं?"

हे तिला झोंबलं. तिच्या वर्गातलं मूल तिला दिसलं नाही, असं कुणी म्हटलेलं तिला चालणार नव्हतं, आणि त्याने म्हटलेलं तर मुळीच नाही. तुम्ही तुमची सुतारकी सांभाळा, असं ती बोलून गेली. त्यानंतर तिने काही सांगितलं तरी लाल बटण निघेना. शिक्षकांची खोली एकदम सुनी सुनी झाली. कबूल करायला जड जात होतं, पण तिला करमत नव्हतं.

अशातच परीक्षेचा दिवस उजाडला, मुलांच्या नव्हे तर तिच्या. संस्थेचे अध्यक्ष तास बघायला येणार होते. त्यांना पटलं तर रिमोट शाळेत कायमचे राहणार, नाहीतर डबा कंपनीकडे परत. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, तिला बजावून ठेवलं होतं की धडा वेळेत संपव, फळा हिरवागार दिसू दे आणि आज तरी ते पुन्हापुन्हाचं लावू नकोस.

पुन्हा तरफच. टेकूपासून जितकं लांब, तितकं जोर लावणं सोपं. तिने सांगितलं, चित्रं दाखवली, फळी आणि टेकू मांडून दाखवलं. मग म्हणाली, दाबा बटणं. फळा हिरवागार झाला. फक्त एका कोपऱ्यात एक लाल ठिपका.

तिच्या डोक्यात पहिलं नाव आलं ते सुतारसरांचंच. कार्यशाळा भिंतीपलीकडे, आणि खिशात तिचा रिमोट. आज, नेमका आजच थट्टेचा मुहूर्त काढला यांनी? मोठ्या बाई डोळ्यांनी 'पुढे चल, पुढे चल' म्हणत होत्या. अध्यक्ष घड्याळ बघत होते. पुढे जाणं अगदी सोपं होतं. पण हे बटण जर एखाद्या मुलाने दाबलं असेल, पाहुण्यांसमोर एवढा धीर करून, तर? मग त्याने पुन्हा कधी दाबावं तरी का?

"एकाला समजलेलं नाही," ती ठणठणीत आवाजात म्हणाली. "आपण थांबू."

तिची नजर दारावर गेली. तिने अध्यक्षांना उठायची विनंती केली. अध्यक्षांचा देह चांगला भरदार. त्यांना तिने दाराच्या आतल्या बाजूला, बिजागरीपाशी उभं केलं आणि तिथेच हात टेकून दार बाहेर ढकलायला सांगितलं. बाहेरून कडीच्या बाजूने दार धरायला कोण, म्हणून तिने पहिल्या बाकाकडे बोट केलं. चिमणी हेडफोन काढून उठली.

अध्यक्षांनी जोर लावला. दार हलेना. त्यांनी कोट काढला, पाय रोवले, चेहरा टोमॅटोसारखा लाल झाला, तरी दार जागच्या जागी. बाहेर चिमणी दोन तळहात दाराच्या कडेला लावून आरामात उभी. मुलं हसून लोळायची बाकी राहिली. मोठ्या बाईंनी कपाळाला हात लावला.

"बाई," दाराआडून एक बारीक आवाज आला. सगळा वर्ग एका क्षणात गप्प झाला. "मी लांब आहे ना बिजागरीपासून. म्हणून मी जिंकतेय."

चिमणी आत आली, जागेवर बसली, तिने रिमोट उचलला. आणि कोपऱ्यातला ठिपका हिरवा झाला.

अध्यक्ष धापा टाकत आधी हसले, मग म्हणाले की हा डबा कुठेही जाणार नाही.

तास सुटला तशी ती डबा काखोटीला मारून कार्यशाळेत गेली. तो रंधा मारत होता. त्याने वर पाहिलं, पण खिशाकडे हात नेला नाही.

"खिसा रिकामा आहे," तो म्हणाला. "सकाळीच तुमच्या डब्यात ठेवला. आज तुमचा डबा पुरा असायला हवा होता."

तिने झाकण उघडलं. रिकामी खाच भरलेली होती.

"ठिपका चिमणीचा होता, ते मी पाहिलं," ती म्हणाली. "तिच्याबाबत तुमचं बरोबर होतं, माझं चुकलं. उद्यापासून रकाने बंद, सगळ्यांना सगळं. पण तुम्ही लाल दाबणं का थांबवलंत? मला... सवय झाली होती."

त्याने रंधा बाजूला ठेवला. एरवी थट्टेला मागे न हटणारा माणूस, पण त्याचे कान लाल झाले होते.

"कारण मला आता विचारायचं नव्हतं, सांगायचं होतं. मला तुम्ही आवडता. तुमच्याबरोबर राहायचंय मला... कायमचं."

तिने सगळं नीट ऐकलं. छाती अशी धडधडत होती की भिंतीपलीकडे ऐकू जावी. पण चेहरा तासावरचाच ठेवून तिने त्या खाचेतला रिमोट काढला आणि लाल बटण दाबलं.

"समजलं नाही. पुन्हा सांगा."

मग कानामागची पेन्सिल काढून त्याने फळीवर एक बाक काढला, बाकावर दोन माणसं, त्यातल्या एकाला दाढी. तिने चित्र न्याहाळलं आणि पुन्हा लाल दाबलं.

तेव्हा त्याने नुसता हात पुढे केला. तिने आधी त्याच्या भुवईवरचा भुसा झटकला, मग त्या हातात आपला हात दिला आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने हिरवं बटण दाबलं.

"समजलं?" त्याने विचारलं.

"समजलं," ती म्हणाली. "पण उद्या पुन्हा सांगा. उजळणी लागतेच."