सहा चकत्या

हे वाचून कोणी हसणार असेल, तर खुशाल हसा. मीही हसले असते.

भर दुपारी चार वाजता, लख्ख उजेडात, चिकूचा केक खाणाऱ्या वीस-पंचवीस माणसांच्या देखत असं काही घडतं का?

पण घडलं. रविवार, २१ जानेवारी २०१८. चारोटी नाक्यावरून डहाणूच्या रस्त्याला लागलं की जरा आत, एका चिकूच्या वाडीत.

ज्या जयश्रीबाबत घडलं ती माझी सख्खी मावसबहीण. तलासरीच्या पूर्वेला, डोंगराकडच्या एका पाड्यावर दिलेली. अंगणवाडी चालवते. भांडायला उठली की समोरच्याची खैर नाही, पण खोटं बोलणं तिला जमत नाही. तिने सांगितलं तसंच सांगते.

सुरुवात तिच्या नवऱ्याच्या तळपायांपासून झाली.

सुदाम सुतारकाम करायचा. हाताला असं कसब की लोक वाणगावपासून बोलवायला यायचे. आदल्या वर्षी दसरा झाला आणि त्याच्या तळव्यांवर डाग उठू लागले.

गोल डाग. लाल. भाजल्यासारखे.

दुपारी उठायचे. शनिवार-रविवारी जास्त. आधी वाटलं, कुठे तापलेल्या पत्र्यावर पाय पडला असेल. मग एकदा तो खाटेवर झोपलेला असताना जयश्रीच्या डोळ्यांदेखत डाग उठला. आजूबाजूला विस्तव नाही, पत्रा नाही...

नुसती कातडी लाल होत गेली. गोल.

डाग चिघळले. जखमा भरेनात. साखर तपासली, तर साखर नाही. नाताळपर्यंत सुदाम गुडघ्यांवर सरकत अंगणात येऊ लागला. जानेवारीत डॉक्टरांनी जयश्रीला बाजूला घेतलं आणि सांगितलं, असंच चाललं तर उजवा पाय कापावा लागेल.

सुताराचा पाय. घरात दोन लेकरं, आणि म्हातारी सासू बुधीबाई.

त्या रात्री सुदाम पहिल्यांदा रडला. आणि आईला म्हणाला, "आये, बा चारोटीला हाय. चाहाच्या दुकानात."

त्याचा बाप, हाल्या, जाऊन नऊ वर्षं झाली होती.

आता हे नीट सांगायला हवं. त्यांच्या पाड्यावर घरातला कर्ता माणूस गेला की त्याच्या नावाचा 'वीर' रोवतात. सागाचा खांब, मांडीएवढा जाड. वर चंद्र-सूर्य कोरलेले, खाली घोड्यावर बसलेला माणूस. पाड्याबाहेरच्या झाडाखाली तो उभा राहतो. उन्हात तडकतो, पावसात कुजतो. कोणी हात लावत नाही. एक दिवस आपोआप पडून मातीत गेला, की माणूस मोकळा झाला असं समजायचं.

सुदामने तो कोणाला न सांगता उपटला होता.

दसऱ्याआधी चारोटीजवळ 'चहापाडा' नावाचं चहाघर उभं राहत होतं. मुंबईच्या पाहुण्यांसाठी अगदी पाड्यावरच्या घरासारखं. कुडाच्या भिंती, शेणाने सारवलेली जमीन, भिंतीवर पांढरी चित्रं, आणि पेंढ्याच्या छपराआड लपवलेला एसी! लाकडाचं काम सुदामकडे. मालक मनिषला गल्ल्याजवळ एक कोरलेला खांब हवा होता. सुदामने चार दिवस खपून कोरला, तर मनिष म्हणाला, हा फार नवा दिसतो.

सुदामचा अहंकार दुखावला. शिवाय त्याला खरंच वाटलं, बा इतकी वर्षं उन्हापावसात उभा आहे, चहाघरात निदान डोक्यावर छप्पर मिळेल. लोक बघतील, नावाजतील. वाईट मुलाने केलेलं काम नव्हतं ते. त्याचंच मला जास्त वाईट वाटतं.

बुधीबाई मुलावर रागावली नाही. म्हणाली, "उद्या जाव. त्याला घरी आणू."

दुसऱ्या दिवशी रविवार होता.

सासू-सून पोचल्या तेव्हा चार वाजत आले होते. दारात तांब्याच्या घंगाळात झेंडूच्या पाकळ्या तरंगत होत्या. आत सहा टेबलं. बायका सेल्फी काढत होत्या, लहान मुलं नाचणीची बिस्किटं कुरतडत होती. गवती चहाचा वास सगळीकडे पसरला होता. जयश्री म्हणते, जागा खरंच सुंदर होती. राग आला होता तरी तिला तसं वाटलंच.

बुधीबाई चपला बाहेर काढून थेट गल्ल्याकडे गेली.

तिने खांबावर तळहात ठेवला. चंद्र, सूर्य, घोडा... हात खाली खाली नेत ती जमिनीशी बसली. आणि तिथे चाचपडू लागली.

"पोरी, ह्याचा खालचा भाग कुठं हाय?"

"म्हणजे?"

"जमिनीतला. चांगला हातभर होता. मी सोता रोवताना बघलाय. घोड्याच्या खाली काहीच नाय ना."

मनिष लगबगीने आला. जयश्रीने त्याला एका दमात सगळं सांगितलं, आवाज चढवूनच. माणूस वाईट नव्हता. गोंधळला. म्हणाला, "ताई, मला खरंच कल्पना नव्हती. सुदामभाऊ काहीच बोलले नाहीत. आधी बसा तुम्ही. आजींना चहा घेऊ द्या, मग काय ते बघू."

दोघी खांबाजवळच्या टेबलाशी बसल्या. तिथे काम करणारी कमळी, चाळिशीची बाई, बाजूच्याच पाड्यावरची, पाणी घेऊन आली. पाणी ठेवताना ती हळूच वाकली.

"ताई, ह्या खांबाचा काय हाय, मला सांगशील?"

"का गं?"

कमळीने जमिनीकडे बोट केलं.

सारवलेल्या जमिनीवर खुणा होत्या. गोल, वाटीएवढ्या, जरा खोल. दोन-दोनच्या जोडीने. खांबापासून निघून दारापर्यंत गेलेल्या...

उंबरठ्यापाशी थांबलेल्या...

आणि परत खांबाकडे आलेल्या.

"सकाळी मी सारवते," कमळी म्हणाली. "दुपारपोत रोज ह्या उठतात. खुर्चीचा पाय एवढा मोठा नसतं. आवाज पन येतं. खस्स... खस्स... कोन तरी थुटाच्या पायानं चालल्यागत."

जयश्रीने पाय वर घेतले. बुधीबाई मात्र त्या खुणांकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"घरी यायला बघतंय तो," ती म्हणाली. "पाय नाय तर कसा येल?"

जयश्रीने फोन काढला, सासूलाही ऐकू यावं म्हणून स्पीकरवर टाकला आणि सुदामला लावला.

"आम्ही पोचलोय. एक सांगा, वीराचा खालचा भाग कुठे आहे?"

पलीकडे खाट करकरली.

"अहो, ऐकताय ना?"

"खांब उंच झाला होता," सुदाम कण्हत म्हणाला. "बसत नव्हता. करवत लावला मी."

"आणि कापलेला तुकडा?"

"शेठ बोलला, चांगला साग हाय, फुकट नको घालवू. त्याच्या..."

एवढ्यात कमळी चहा घेऊन आली. वाफाळती पितळी किटली. जयश्रीसमोर टेबलावर लाकडाची एक गोल चकती होती. कमळीने किटली तिच्यावर ठेवली.

फोनमध्ये सुदाम किंचाळला.

असं ओरडणं तिने कधी ऐकलं नव्हतं. बाळंतपणातही नाही. तिने दचकून किटली उचलली.

किंचाळी थांबली. नुसतं कण्हणं ऐकू येऊ लागलं.

जयश्री हातातल्या किटलीकडे बघत होती. चकतीकडे बघत होती. चकतीवर गोल काळपट डाग पडले होते. एकात एक गुंतलेले. तसेच डाग रोज सुदामच्या तळव्यांना हळद लावताना तिला दिसायचे...

"चकत्या केल्या तुम्ही," ती म्हणाली. "त्याच्या पायाच्या चकत्या केल्या."

"सहा," सुदाम रडत म्हणाला. "सहा टेबलांना सहा."

जयश्रीने मान वळवली. प्रत्येक टेबलावर किटली होती. रविवारची गर्दी होती.

त्यानंतर तिने काय केलं ते तिथल्या पाहुण्यांनी मोबाइलवर घेतलंही असेल. ती धावली. शेजारच्या टेबलावरची किटली तिने नुसत्या हातांनी उचलून जमिनीवर ठेवली. मग पुढची. एक बाई ओरडली, एका मुलाच्या अंगावर चहा उडाला. मनिष "ताई, ताई" करत मागे येत होता. फोन टेबलावर चालूच होता, आणि एकेक किटली उचलली की सुदामचं कण्हणं कमी होत होतं. तिचे दोन्ही हात पोळले. चार टेबलांवरच्या चकत्या तिने ओच्यात घातल्या, आपल्या टेबलावरची पाचवी.

सहाव्या टेबलावर किटलीखाली फरशीचा तुकडा होता.

"इथली चकती?"

मनिषचा चेहरा पांढरा पडला होता. फोनमधलं सगळं त्यानेही ऐकलं होतं. "नाताळच्या सुट्टीत एक जोडपं आलं होतं. त्यांना फार आवडली. आठवण म्हणून दिली मी."

"कोण? कुठले?"

"नाव नाही विचारलं, ताई. मुंबईचे असतील. नाहीतर सुरतचे. गुजराती बोलत होते आपसात."

त्याच संध्याकाळी मनिषने खांब काढला आणि स्वतःच्या गाडीतून पाड्यावर आणून दिला. गाडी चालवताना त्याने एकदाही मागे वळून बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी झाडाखाली जुन्याच खड्ड्यात पाच चकत्या एकावर एक ठेवल्या, वर वीर उभा केला. बुधीबाईने ताडीची धार सोडली आणि बराच वेळ त्याच्याशी काहीबाही बोलत बसली. एका चकतीएवढी पोकळी राहिली होती. तिथे दगड भरला.

सुदामचा डावा पाय महिन्यात बरा झाला. उजव्याच्याही जखमा भरत आल्या. पाय कापायची गरज नाही, असं डॉक्टर म्हणाले. कशामुळे बरं झालं ते त्यांनी विचारलं नाही, आणि जयश्रीने सांगितलं नाही.

वीर परत रोवल्यावर अकरा दिवस एकही डाग उठला नाही.

बाराव्या दिवशी, दुपारी, उजव्या टाचेवर एक उठला.

मनिषने खूप शोधलं. चहाघराच्या पानावर फोटो टाकला, ओळखीच्यांना विचारलं. ते जोडपं सापडलं नाही. पुढच्या पावसाळ्याआधी त्याने चहाघर बंद केलं.

मी हे लिहितेय ते म्हणूनच. वीतभर रुंदीची, काळसर सागाची, कडेला साल न ठेवता घासून गुळगुळीत केलेली चकती कोणाच्या घरी असेल, चारोटीहून आणलेली असेल, तर कृपा करून तिच्यावर काही गरम ठेवू नका. कळवा. मी स्वतः न्यायला येईन.

मला हे ऐकीव वाटत होतं, तोवर ठीक होतं. मे २०१९ मध्ये मी जयश्रीकडे गेले. दुपारी जेवून आम्ही ओटीवर बसलो होतो. सुदाम काठी घेऊन का होईना, चालत होता, एका पाटाला रंधा मारत होता. चारच्या सुमारास त्याने रंधा खाली ठेवला. उजवा पाय लांब केला.

जयश्री उठली आणि ओलं फडकं घेऊन आली. जणू रोजचंच काम.

मी वाकून बघितलं. टाचेवर कातडी आधी गुलाबी झाली. मग लाल. कपाच्या बुडाएवढं कडं स्पष्ट उमटलं. सुदामने दात आवळले. थोड्या वेळाने लाली जराशी उतरली. मला वाटलं, थांबलं.

मग त्या कड्याला लागून, थोडं बाजूला, दुसरं कडं उमटलं.

कोणीतरी कप उचलला होता. घोट घेतला होता. आणि परत ठेवला होता.

तिसरं उमटलं. चौथं उमटलं. मी जयश्रीला खुणेने विचारलं, झालं का?

डोळे मिटलेल्या सुदामनेच उत्तर दिलं.

"अजून दोन घोट असतील," तो म्हणाला. "सावकाश पितं हा मानूस."